जांभूळघोळचा वायरलेस

मित्रांनो, मला रेडिओ म्हणालात तरी मी रागावणार नाही, पण माझ्याकडे गाण्यांची फर्माईश तेवढी करू नका. मी एक जुना वायरलेस सेट आहे. गाणी लावणारे रेडिओ नुसते बोलत सुटतात, त्यांना ऐकू काही येत नाही. मला दोन्ही येतं. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा शब्द मी डोंगर, नदी, जिल्हा ओलांडून दुसऱ्या माणसाच्या कानाशी नेऊन सोडतो आणि त्याचं उत्तर परत आणतो. मध्ये मोबाइलचा टॉवर लागत नाही, रिचार्ज तर अजिबात लागत नाही. एक बारा व्होल्टची बॅटरी आणि बाहेर टांगलेली एक लांब वायर, एवढ्यावर माझं भागतं. सध्या माझा मुक्काम पाटण तालुक्यातल्या जांभूळघोळ नावाच्या गावात, आरोग्य उपकेंद्रातल्या लोखंडी टेबलावर आहे. इथवर मी कसा आलो ते सांगतो. मधे मधे थोडी बढाई मारीन, ती माझ्या वयाकडे बघून सोडून द्या.

माझा जन्म मिरजेचा. तिथे शमशेरभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तीसेक वर्षांपूर्वी, दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मला थोडं थोडं जोडत बसायचे. माझा ट्रान्सफॉर्मर एका भंगारातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा, स्टेशन फिरवायचं बटण एका व्हॉल्व्हच्या रेडिओचं, आणि माझ्या कॉइली कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्यांवर गुंडाळलेल्या. त्यांच्या पत्नी मेहरुनबी शेजारी बसून वेढे मोजायच्या. एक वेढा जास्त झाला की त्या सगळं उलगडायला लावायच्या, आणि शमशेरभाई कुरकुरत उलगडायचे. सगळा इकडून तिकडून गोळा केलेला माल, पण पेटी मात्र माझी खानदानी आहे. शमशेरभाईंचे मामा तंबोरे करायचे. तंबोऱ्याच्या कामातून उरलेल्या लाकडाची पेटी त्यांनी मला करून दिली आणि वरून लाखेचं पॉलिश मारलं. बाजारात पत्र्याच्या डब्यातले सेट पुष्कळ मिळतील, माझ्यासारखा देखणा मिळायचा नाही.

हवेतून असं बोलायला सरकारचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. हौस म्हणून ही परीक्षा देऊन बोलणारी माणसं देशोदेशी आहेत. शमशेरभाई दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्याच संध्याकाळी आमची गाठ श्रीलंकेतल्या एका शाळामास्तरांशी पडली. महिन्याभराने त्यांचं कार्ड आलं. हवेत भेट झाली की खूण म्हणून एकमेकांना पोस्टाने कार्ड पाठवायची या लोकांत पद्धत आहे. दुकानाची एक भिंत अशा कार्डांनी भरली. लोक टेप दुरुस्तीला यायचे आणि भिंत बघत उभे राहायचे. शमशेरभाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ह्यानं आणलीत सगळी." मित्रांनो, कौतुक कुणाला आवडत नाही? मला तर फार आवडतं.

पुढे मोबाइल आले. टेपरेकॉर्डर गेले आणि दुकानही गेलं. त्याहून वाईट म्हणजे शमशेरभाईंचे कान गेले. आधी उजवा, मग डावा. ते हेडफोन लावून बसायचे, बटण फिरवायचे, आणि मी जीव तोडून बोलत असताना निमूटपणे मला बंद करायचे. एके दिवशी त्यांनी माझी बॅटरी काढून ठेवली. माझ्यावर एक चादर पडली, चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांची चवड बसली, आणि माझ्या स्पीकरमध्ये मुंग्यांनी संसार थाटला. अशी आठ वर्षं गेली. मी कुणाला दोष देत नाही. पण गप्प बसायला लागणं म्हणजे काय, हे बोलणाऱ्यालाच कळतं.

मला त्या चादरीखालून काढलं झोयाने. झोया ही शमशेरभाईंची नात. मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. पुराच्या एका वर्षी सांगलीत मोबाइल बंद पडले, माणसं एकमेकांना शोधत फिरली, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर तिने परीक्षा दिली आणि सांगलीच्या हौशी रेडिओ मंडळात नाव घातलं. मंडळाचे प्रमुख आप्पासो, वीज मंडळातून निवृत्त झालेले, शिस्तीला एकदम कडक. दर रविवारी सकाळी दहाला ते हवेतून हजेरी घेतात आणि जो उशिरा येईल त्याला सगळ्यांच्या देखत फैलावर घेतात. देखत म्हणजे ऐकत.

मला नेऊ का, असं झोयाने पाटीवर लिहून विचारलं तेव्हा शमशेरभाई म्हणाले, "वापरणार असशील तर ने. मांडून ठेवायला नको." तिने होकारार्थी मान हलवली. मग आजोबा आणि नातीने मिळून मला उघडलं, मुंग्यांना घराबाहेर काढलं, कुजलेल्या वायरी बदलल्या. शमशेरभाईंना ऐकू येत नव्हतं, पण माझ्या स्पीकरवर बोटं टेकवून ते म्हणाले, "थरथरतोय. जिवंत आहे."

आता जांभूळघोळची गोष्ट.

हे गाव कोयनेच्या खोऱ्यात, तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या एका खोलगट जागेत वसलंय. मागच्या जुलैत इथला रस्ता दरड कोसळून बंद झाला, वीज गेली, आणि मोबाइल तर आधीपासूनच नावाला होता. त्याच दिवसांत गावात एका घरातल्या चौघांना जुलाब-उलट्यांनी धरलं. उपकेंद्राच्या नर्स क्षमाताई, गाव त्यांना सिस्टर म्हणतं. त्यांच्याकडे सलाईनच्या सहाच बाटल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'दरडीमुळे रस्ता बंद. चार रुग्ण, जुलाब आणि उलट्या. सलाईनच्या वीस बाटल्या हव्यात. ताबडतोब.', आणि ती घेऊन डोंगर ओलांडून पाटणला कोण जाणार म्हणून विचारलं. नानासो उठले. पासष्टीचा माणूस, पण डोंगर पायाखालचा. आजारी चौघांत त्यांची थोरली बहीण होती. आठ तासांची वाट. सहा तास चालून झाल्यावर एका ओढ्यात त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी गुराख्यांना ते सापडले, चिठ्ठी खिशात तशीच होती. बाटल्या आल्या, पण दीड दिवस उशिरा. तिघं वाचले. नानासोंची अक्का वाचली नाही.

तेव्हापासून नानासो काठी घेऊन चालतात. कुणी त्यांना दोष दिला नाही, पण त्यांनी स्वतःला दिला, आणि तसाच क्षमाताईंनी स्वतःला दिला. दोघं त्या विषयावर एकमेकांशी कधी बोलले नाहीत. क्षमाताईंनी काय केलं, तर कुठूनतरी आमच्या मंडळाचा पत्ता काढला, ड्यूटी सांभाळून अभ्यास केला, परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. मग आप्पासोंना पत्र लिहिलं की आमच्या गावाला एक सेट द्या.

अडचण अशी होती की मंडळाकडे डोंगरात चालेल असा जास्तीचा सेट एकच होता, आणि तो मी. हातात मावणारे नवे छोटे सेट बरेच आहेत, पण त्यांचा आवाज सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला की संपला. माझा आवाज आभाळाकडे जातो, तिथल्या एका थराला लागून खाली येतो, त्यामुळे डोंगराची मला पर्वा नाही. साहजिकच मला तीन गावांतून मागणी होती. तेव्हा आप्पासोंनी ठरवलं की पावसाळ्याआधी आपत्तीचा सराव घ्यायचा. रस्ता बंद आहे, फोन बंद आहेत असं समजून प्रत्येक गावातून सांगलीला निरोप पाठवायचा. मला एकेका गावात न्यायचं, आणि ज्या पहिल्या गावातून निरोप सकाळी दहा ते बाराच्या आत थेट पोचेल, सेट त्या गावाचा. जिथून पोचणार नाही तिथे मला ठेवून तरी काय उपयोग? बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

मे महिन्यात झोया मला घेऊन जांभूळघोळला आली. बरोबर मंडळाचे जयराज होते. हातात वही, मनगटावर घड्याळ, आणि कुणालाही मदत करायची नाही असा आप्पासोंचा हुकूम. क्षमाताईंनी टेबल पुसून ठेवलं होतं. गावाने आपापले मोबाइल एका घमेल्यात टाकले, कारण सरावात फोन मेले असं समजायचं असतं. "आमच्या गावात ते रोजच मेल्यात," असं नानासोंचा पुतण्या अवधूत म्हणाला आणि सगळे हसले.

मग माझी वायर टांगायचं काम निघालं. उपकेंद्राच्या मागे सिल्व्हर ओकची दोन झाडं आहेत, पाच-सहा मजली उंच. झोया म्हणाली, "जितकी उंच जाईल तितकी चांगली." अवधूत मध काढणारा गडी, तो सरसर वर चढला. खालून दहा जणांनी दहा सूचना केल्या. अडीच तास खपून वायर शेंड्याशी ताठ बांधली गेली. वाऱ्यावर ती चमकायला लागली तेव्हा अख्ख्या गावाने मान वर करून बघितलं. मलाही वाटलं, आहा, इतक्या उंचावर आपल्याला आजवर कुणी नेलं नव्हतं.

बरोबर दहाला क्षमाताई माझ्यासमोर बसल्या. त्यांनी माइक हातात घेतला. "सांगली, सांगली, जांभूळघोळ बोलतंय. ओव्हर." उत्तर नाही. पुन्हा हाक. पुन्हा नुसती खरखर. पाच मिनिटं, सात मिनिटं. आणि मग एकाएकी मोठ्या खणखणीत आवाजात उत्तर आलं. सांगलीचं नव्हे, भोपाळचं. तिथले कुणी निवृत्त प्राध्यापक होते. म्हणाले, "आपकी आवाज़ तो जैसे बगल के कमरे से आ रही है!"

खोलीत एकच गलका झाला. भोपाळ! खिडकीतून मुलं, बायका, म्हातारे डोकावू लागले. झोयाचे डोळे चमकले. जयराजही वही बाजूला ठेवून पुढे सरकले. हौशी रेडिओवाल्यांचा हा जुना रोग आहे, लांबचं स्टेशन लागलं की यांना जवळचं जग आठवत नाही. विचारपूस झाली, हवामान झालं, प्राध्यापकांनी माझ्या आवाजाची तारीफ केली. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मीही फुशारलो. आठ वर्षं इस्त्रीच्या कपड्यांखाली काढलेल्याला कुणी छान म्हटलं तर तो काय करील? या भानगडीत पाऊण तास गेला.

भानावर आल्या त्या क्षमाताई. "झोया, सांगली कधी लागणार?" त्यांनी विचारलं. झोयाने बटण फिरवलं, हाक मारली, पुन्हा मारली. काही नाही. अकरा वाजले. झोयाने बॅटरी तपासली, जोड तपासले, माझं मागचं झाकण उघडून पाहिलं. सगळं ठीक. भोपाळच्या प्राध्यापकांना निरोप सांगलीला द्यायला सांगावं का, असं तिने जयराजना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "ते रोज याच वेळेला बसतील कशावरून? निरोप थेट गेला पाहिजे." सव्वाअकरा झाले.

आणि इथेच माझी खरी शिक्षा सुरू झाली. कारण काय चुकलंय ते मला तोपर्यंत कळलं होतं. वायर फार उंच होती. वायर उंच असली की माझा आवाज आडवा सुटतो आणि लांब जाऊन उतरतो. भोपाळला तो मुसळधार पडत होता, आणि शंभर किलोमीटरवरची सांगली मधल्यामधे कोरडी राहत होती. वायर खाली आणली असती तर आवाज सरळ वर गेला असता आणि आसपास उतरला असता. इतकं साधं होतं. पण मी ते सांगणार कसा? मी जगाचं बोलणं पोचवतो, माझं स्वतःचं एक वाक्य मला कुणापर्यंत पोचवता येत नाही. मी खरखरलो, शिट्टी मारली. झोया म्हणाली, "आज फारच गडबड करतोय हा." माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

साडेअकराला झोया डोकं धरून पायरीवर बसली. "माझंच चुकलं. नवा सेट मागायला पाहिजे होता," ती म्हणाली. क्षमाताई नुसत्या डोंगराच्या त्या वाटेकडे बघत होत्या. तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले नानासो काठीवर जोर देऊन उठले.

"आवं ताई, एक इचारू का? अडान्याचं हाय, हसू नगा."

"विचारा की," झोया म्हणाली.

"ते भोपाळ लांब का सांगली लांब?"

"भोपाळ. किती तरी लांब."

"मंग लांबच्याला ऐकू जातंय आन् जवळच्याला न्हाई. मंजी तुमी लय लांब फेकताय." नानासोंनी हात गोफणीसारखा डोक्याभोवती फिरवला. "आमी भाताव पाखरं राखतो. गोफन जोरात आडवी सोडली की दगुड पार पल्याडच्या रानात. हितल्या पाखरास्नी पत्ताबी लागत न्हाई. जवळच्या पाखरावर दगुड उभाच टाकाय लागतो, वर जाऊन खाली यील आसा."

अवधूत हसला. "नाना, ही गोफन हाय व्हय?"

झोया मात्र हसली नाही. ती तोंड उघडं ठेवून नानासोंकडे बघत राहिली. मग ताडकन उठली. "वायर!" ती ओरडली. "वायर खाली घ्या! आजोबांनी मला सांगितलं होतं, जवळ बोलायचं तर एरियल खाली ठेव. मी विसरले. मी मूर्ख आहे!" मला तिला मिठी मारावीशी वाटली. मला हात नाहीत ही गोष्टही त्या दिवशी जाचली.

"खाली?" अवधूत कळवळून म्हणाला. "आवं, अडीच तास लागलं वर न्याला! सालटी निघाली माझी."

"चढ रं गड्या," नानासो म्हणाले. "आन् तोडू नगंस, सोड गाठ. तुटली तर सगळंच मुसळ केरात."

अवधूत पुन्हा शेंड्यावर गेला. ज्या दहा जणांनी सकाळी दहा सूचना केल्या होत्या त्यांनी आता तोंडं मिटून वायर झेलली. तिचं एक टोक गोठ्याच्या खांबाला आणि दुसरं उपकेंद्राच्या वळचणीला बांधलं गेलं. हात वर केला तर बोटं लागतील इतकी खाली. सकाळी शेंड्यावर चमकणारी माझी वायर आता एका म्हशीच्या डोक्यावरून लोंबत होती. माझा सगळा तोरा उतरला. म्हशीने वर पाहिलं आणि रवंथ चालू ठेवलं.

घड्याळात बाराला सात मिनिटं होती. क्षमाताईंनी माइक घेतला. "सांगली, सांगली, जांभूळघोळ बोलतंय. ओव्हर."

"जांभूळघोळ, सांगली." आप्पासोंचा तो करडा आवाज! मला तो त्या क्षणी तंबोऱ्यासारखा गोड वाटला. "दोन तास झाले तुमची वाट बघतोय. आवाज स्वच्छ आहे. निरोप सांगा. ओव्हर."

निरोप काय पाठवायचा ते गावाने ठरवायचं होतं. क्षमाताईंनी तो आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता आणि कुणाला दाखवला नव्हता. त्या वाचू लागल्या. "जांभूळघोळहून. दरडीमुळे रस्ता बंद. चार रुग्ण, जुलाब आणि उलट्या. सलाईनच्या वीस बाटल्या हव्यात. ताबडतोब. ओव्हर."

तीच चिठ्ठी होती ती. शब्दाला शब्द. दारात उभे असलेले नानासो खाली बघू लागले.

सांगलीहून लगेच आवाज आला. "थांबा. तुम्ही निरोपाच्या आधी सराव म्हणाला नाहीत. हा सराव आहे की खरंच रुग्ण आहेत? खरं असेल तर मी आत्ता गाडी काढतो. ओव्हर."

हा आमच्याकडचा पक्का नियम आहे, मित्रांनो. सरावाच्या निरोपाआधी आणि नंतर 'सराव' असं तीन वेळा म्हणावंच लागतं. नाहीतर ऐकणारा खरं समजून धावतो आणि गावोगाव घबराट होते. क्षमाताईंना हे पाठ होतं, पण आज त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. त्या माइक दाबायच्या आणि सोडून द्यायच्या. झोया त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "ताई, तीन मिनिटं राहिलीत."

"म्हणा सिस्टर," दारातून नानासो म्हणाले. "आता सरावच हाय ह्यो. म्हणा."

क्षमाताईंनी डोळे पुसले आणि माइक दाबला. "सराव, सराव, सराव." मग सगळा निरोप पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून वाचला. शेवटी पुन्हा सराव, सराव, सराव. सांगलीने तो जसाच्या तसा परत वाचून दाखवला. चार रुग्ण. वीस बाटल्या. ताबडतोब. "बरोबर आहे का? ओव्हर."

"बरोबर आहे. ओव्हर."

"निरोप पोचला. वेळ अकरा अठ्ठावन्न."

जयराजनी वहीत लिहिलं आणि वही मिटली. बाहेर गावाने टाळ्या वाजवल्या, अवधूतने शिट्टी मारली. झोयाने माझ्या पेटीवर थाप मारली, जरा जोरातच. पण नानासो हलले नाहीत.

"पोचला?" त्यांनी विचारलं.

"पोचला," क्षमाताई म्हणाल्या.

"सांगलीला?"

"हो. सांगलीला."

"किती येळ लागला?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "वायर खाली आणल्यावर? पाच मिनिटं."

"पाच मिंटं," नानासो म्हणाले. ते वळून डोंगराकडे बघत राहिले, जिथून ती वाट वर चढते तिकडे. मग आत आले, क्षमाताईंच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. "मंजी सिस्टर," ते म्हणाले, "आता कुनाला चालाय नगं."

त्यावर क्षमाताईंना रडू आवरलं नाही. त्या दोघांनी दहा महिन्यांत पहिल्यांदा अक्काचं नाव काढलं, माझ्यासमोर, आणि मी तेवढा वेळ खरखरसुद्धा केली नाही.

झोया मला इथेच ठेवून संध्याकाळच्या एसटीने गेली. जाताना तिने माझ्या झाकणावर एक कागद चिकटवला, 'एरियल खाली ठेवा', आणि खाली स्वतःची सही केली, म्हणजे चूक कुणाची ते कुणी विसरू नये. मला वाईट वाटलं. पण मला इथे कुणी मांडून ठेवलेलं नाही. नानासो आता स्वतः परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करतात. इंग्रजी अक्षरांवर रोज चिडतात आणि रोज पुन्हा पुस्तक उघडतात.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, गावात, शाळेच्या कपाटात माझ्यासारखं कुणी जुनं, कामाचं पडलेलं असेल, तर त्याला संकटाच्या दिवशी शोधू नका. त्या दिवशी त्याची बॅटरी उतरलेली असते, जोड गंजलेले असतात, आणि वायर कुठे बांधायची ते माहीत असलेला माणूस जवळ नसतो. त्याला साध्या दिवशी हात लावा. धूळ पुसा, चार्जिंग बघा, आणि काही काम नसलं तरी आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोला. चुका करायच्या तर तेव्हाच करा, उन्हात, हसत, म्हशीच्या देखत.

आज रविवार आहे. बाहेर आभाळ भरून आलंय, दहाला पाच मिनिटं कमी आहेत. क्षमाताई हात धुऊन येताहेत, नानासोंनी आपलं स्टूल पुढे ओढलंय. आता सांगली हाक मारील, आणि आम्ही ओ देऊ.